जाम झालेले ब्रेक घरी सोडवताना आलेले अनुभव

परळकर
आमच्या सोसायटीत जूनपासून उभी असलेली एक गाडी परवा चार जणांनी मिळून ढकलली, तेव्हा तिची मागची चाके न फिरता पेव्हर ब्लॉकवर नुसती घासत गेली. तो आवाज ऐकून मला २०२० च्या टाळेबंदीनंतरची आमची गाडी आठवली. हँडब्रेक ओढलेला होता, हवा खारी आणि दमट होती, आणि ड्रमच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्याच्या) आत लायनर, म्हणजे ब्रेक लावताना घासणारा थर, व ड्रमचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, यांच्यामध्ये गंज धरून दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटले होते.

अशा वेळी क्लच सोडून गाडीला मागेपुढे झटके देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मुळीच पटत नाही, कारण झटक्याने कधीकधी शूच्या, म्हणजे लायनर ज्यावर बसवलेला असतो त्या कमानीच्या, पत्र्यावरून लायनर उखडतो आणि ड्रमलाच चिकटून राहतो. गाडी चालू लागते, पण त्या चाकाला ब्रेक उरत नाही. मी पुढची चाके लाकडी ठोकळ्यांनी अडवली, मागची बाजू उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवली, हँडब्रेक सोडून केबलचा नट ढिला केला आणि ड्रमच्या तोंडावर, चाकाच्या बोल्टांच्या मधल्या जागेत, गोल फिरत हातोडीचे ठोके दिले. ड्रमला आटे असलेली दोन भोके होती. त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले, तेव्हा ड्रम सरळ बाहेर आला. आपल्यापैकी ज्यांनी हे काम घरी केले आहे, त्यांनी नेमके काय अडकले होते आणि ते कसे ओळखले, हे कृपया लिहावे.

वर्सोव्याचा रहिवासी
आमच्या गाडीत पुढच्या कॅलिपरची (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) खालची गाइड पिन, म्हणजे ज्यावर कॅलिपर सरकतो ती पिन, अडकली होती. थोडे अंतर चालवले की त्या चाकाजवळ जळका वास येई आणि रिमची धग लांबूनच जाणवे. चाक काढल्यावर बाहेरचा पॅड जवळजवळ नवा आणि आतला झिजून पत्र्याला आलेला दिसला. कॅलिपर पिनेवर सरकला नाही, तर पिस्टनच्या बाजूचा पॅडच सगळा भार घेतो.

पिनेला गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवले आणि सकाळी रिंग पान्याने दोन्ही दिशांना अगदी थोडी थोडी फिरवत बाहेर काढली. तेल मारताना पॅड आणि डिस्क आधीच काढून ठेवावी. पॅडमध्ये तेल मुरले तर तो पॅड टाकूनच द्यावा लागतो. पिन पॉलिश पेपरने साफ करून तिला रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावले. साध्या पेट्रोलियम ग्रीसने तिथले रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. कॅलिपर काम चालू असताना होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा.

भांडुपकरीण
२६ जुलै २००५ नंतरचा आमचा अनुभव वेगळा आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि आमची गाडी दारांपर्यंत गढूळ पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर माझ्या सासऱ्यांनी ड्रम उघडून, धुऊन, वाळवून साफ केले, तरी चाक मोकळे होईना. हँडब्रेकच्या केबलच्या वेष्टनात गाळ शिरून आतली तार अडकली होती. दांडा खाली जाई, पण तार मागे सरकत नसे. तेल सोडून ती हलू लागली, तरी सासऱ्यांनी ती बदललीच. एकदा आतून गंजलेली केबल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा धरते, हे त्यांचे म्हणणे मला आजही योग्य वाटते.

परळकर
ताई, त्या पुरात आपण सर्वांनीच फार सोसले. सासऱ्यांनी ब्रेक ऑइलही बदलले होते का?

भांडुपकरीण
हो, संपूर्ण बदलले होते. ते ऑइल एरवीसुद्धा हवेतील ओलावा शोषून घेते. मग पुरात बुडालेल्या गाडीत ते ठेवायचे कशाला?

शिवडीचा हौशी कारागीर
ऑइलचा विषय निघाला म्हणून लिहितो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. तोच ओलावा पिस्टन आणि व्हील सिलिंडर आतून गंजवतो. आमच्या दमट शहरात दोन वर्षांनी ऑइल बदलणे मी आवश्यक मानतो.

मात्र ते बदलताना ब्लीडर निप्पल (जुने ऑइल व हवा बाहेर सोडण्याचा छोटा पोकळ स्क्रू) तुटण्याची भीती सर्वांत मोठी असते. मी नागदेवी स्ट्रीटवरून सहा कोनांचा चांगला बॉक्स पाना घेतला. बारा कोनांच्या पान्याने निप्पलचे कोपरे गोल होतात. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे, निप्पलवर हलके ठोके द्यावेत, आधी केसभर आवळून पाहावे आणि मगच सोडवावे. ऑइल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. ते पाण्यात विरघळते, पण थोडा वेळ राहिले तर रंग सोलून काढते.

मुलुंडकर
या निप्पलचाच उपयोग करून आमच्या गाडीतला दोष सापडला. पेडल सोडल्यावरही पुढचे एक चाक धरून राहत होते. गाडी घोडीवर असताना निप्पल उघडला, थोडे ऑइल जोरात बाहेर आले आणि चाक त्याच क्षणी मोकळे फिरू लागले. याचा अर्थ पिस्टन किंवा पिन अडकलेली नव्हती. होजचे रबर आतून फुगले होते, त्यामुळे दाबाखाली ऑइल पुढे जात असे, पण परत येत नसे. होज बाहेरून अगदी धडधाकट दिसत होता. निप्पल उघडूनही चाक सुटले नसते, तर मात्र मी पिन आणि पिस्टनकडे वळलो असतो. कॅलिपरवर हातोडी चालवण्यापूर्वी ही तपासणी प्रत्येकाने करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गिरगावातील आजोबा
कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रमच असत आणि मी हे काम तिच्यावरच शिकलो. दोन गोष्टी तरुणांना आवर्जून सांगाव्याशा वाटतात. ड्रममधली भुकटी फुंकू नये किंवा हवेने उडवू नये; जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर येत नाही. भुकटी ओली करून फडक्याने पुसावी. दुसरे असे की, अडकलेला पिस्टन काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, कारण तो सुटला की गोळीसारखा येतो आणि समोरचे बोट चिरडतो. कॅलिपर होजला जोडलेला असतानाच, पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा ठेवून, कोणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगावे. पिस्टनच्या अंगावर गंजाचे खड्डे दिसले, तर तो घासून परत बसवू नये, नवाच घ्यावा.

ठाकूर्लीहून रोज येणारी
आजोबा, मनापासून आभार. आमच्या कार्यालयाच्या इमारतीत गाडी यांत्रिक पार्किंगच्या वरच्या पाळण्यात ठेवावी लागते, त्यामुळे हँडब्रेक सोडून ठेवता येत नाही, आणि लांबच्या सुटीनंतर चाके हमखास धरतात. मागे डिस्क असून हँडब्रेक बटणाचा आहे. अशा गाडीतही पॅड बदलताना पिस्टन दाबून आत ढकलायचा का?

मुलुंडकर
मुळीच नाही. बटणाच्या हँडब्रेकमध्ये कॅलिपरवर मोटर असते, आणि आधी गाडी सर्व्हिसच्या स्थितीत आणून ती मोटर मागे घ्यावी लागते; जबरदस्तीने दाबल्यास आतले दाते मोडतात. दांड्याचा हँडब्रेक असलेल्या अनेक मागच्या डिस्कमध्ये पिस्टन दाबून नव्हे, तर फिरवत आत न्यावा लागतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कोणती पद्धत दिली आहे, ते पाहून इथे लिहा. फिरवण्याचे हत्यार माझ्याकडे आहे, लागल्यास रविवारी घेऊन येईन.