तालमीत चुकायला जागा राहिली आहे का?

नेपथ्यवाला
सध्या दादरला एका कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमीला जातोय. पोरं मेहनती आहेत, पण दुसऱ्याच दिवशी ब्लॉकिंग (कोणी कधी कुठे उभं राहायचं ते) मोबाईलवर शूट करून ग्रुपवर टाकतात आणि नंतर कोणी दोन पावलं इकडेतिकडे उभं राहिलं की लगेच "व्हिडिओ बघ रे". माझं म्हणणं, तालमीत चुकूच दिलं नाही तर नाटक बिनचूक होतं पण जिवंत होत नाही, कोणीतरी विसरतो, पॉज लांबतो आणि अख्ख्या सीनचा अर्थ बदलतो, हे ज्यांनी तालमी केल्यात त्यांना विचारा.

मधली_सुट्टी
नाही पटलं. चुकांचं उगाच कौतुक चाललंय सगळीकडे. लगेच पेनिसिलिनचं उदाहरण देतात, पण १९२८ ला फ्लेमिंगला ती बुरशी दिसली कारण तो कित्येक वर्षं जंतूंवरच काम करत होता, आणि तिचं औषध करायला पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन खपले. आम्ही शिवाजी मंदिरला तिकीट काढून येतो हो, पाठांतर कच्चं असेल तर ते कच्चंच.

नेपथ्यवाला
पाठांतर कच्चं हा आळस झाला, त्याची बाजू मी घेतच नाहीये. मी प्रयोगाच्या आधीचं बोलतोय.

कॉलम_बीम
मी सिव्हिलवाला. अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये एका बाजूने सुरू झाला तेव्हा त्याला जोडायच्या बर्फीवाला पुलाशी लेव्हल जुळत नव्हती, मग व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजचा सल्ला घेऊन, जॅक लावून बर्फीवाला उचलावा लागला, जुलै उजाडला. शिकायला मिळालं असेल कोणाला तरी, पण ते सगळे महिने ट्रॅफिकमध्ये लोक अडकले ना. चूक एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला, त्याला कसलं मोल?

गिरणगावची
भुर्दंडाचं बरोबर बोललात, नाटकातही सगळं तिथेच अडतंय. १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं केली, जागा साधी, प्रेक्षक मोजके, एखादं फसलं तरी कोणी देशोधडीला लागत नव्हतं. आज हॉलचं भाडं तासावर, घड्याळ बघत तालीम, वर स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाहेर पडलात तर खेळ खल्लास. पोरं घाबरट नाहीयेत, त्यांना चूक परवडत नाही!!

मधली_सुट्टी
हे पटलं. पण मग फाळक्यांसारखं करा ना, आधी मटाराच्या रोपाची वाढ शूट केली, ती दाखवून पैसे उभे केले आणि मग १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला राजा हरिश्चंद्र लागला. मोठा पैसा घालायच्या आधी हात बसवून घ्यायचा. गच्चीवर करा तालीम.

नेपथ्यवाला
गच्चीला सोसायटी परवानगी देत नाही, दोन ठिकाणी विचारून झालं. संध्याकाळी महापालिकेच्या शाळांचे हॉल रिकामे असतात, ते तालमींना नाममात्र भाड्यात मिळायला हवेत, यासाठी अर्ज करायचा तर कोण कोण सही करणार सांगा. आणि तोवर पहिला आठवडाभर तालमीत मोबाईल बंद, हे मी पोरांना उद्याच सांगतोय.