डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे

एकाने 'डिसइंटरेस्टेड' (disinterested) या इंग्रजी शब्दाचा 'रस नसलेला' असा अर्थ दिलाय, तो अगदीच चूक नाही. १७व्या शतकात हा शब्द त्या अर्थानेही वापरत. पण आज औपचारिक लेखनात त्याचा अर्थ 'ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा'. गोची 'इंटरेस्ट'मध्ये आहे: त्याचा एक अर्थ रस, दुसरा हितसंबंध. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून आपल्याला हा फरक खरं तर चटकन कळायला हवा.

न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, म्हणजे निकालात त्याचा स्वतःचा काही फायदा-तोटा नसावा. तोच अनइंटरेस्टेड (uninterested), म्हणजे रस नसलेला, असेल, तर युक्तिवाद चालू असताना खिडकीबाहेर बघत बसेल! 'डिसइंटरेस्टेड'साठी मराठी शब्द म्हणून 'निःपक्षपाती' जवळचा आहे, पण मला 'तटस्थ'पेक्षा 'निःस्वार्थ' जास्त पटतो, विशेषतः सल्ल्याबद्दल बोलताना.