परमुलखात राहिलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

गणपतीला आलेले चाकरमानी परत निघाले, आखातवाल्यांची पण रजा संपली. म्हटलं विचारावं, परक्या देशात दिवस कसे काढले? घरी सांगितलं नाहीत तेच लिहा.

दापोलीकर : मी सौदीला दमामात अकाउंट्सला होतो, चौदा वर्षं. बायको आणि दोन पोरांना पण नेलेलं, बरं चाललेलं, मग 2017 च्या जुलैपासून फॅमिलीवर फी बसली, माणशी महिना 100 रियाल आणि ती दरवर्षी शंभरानी वाढत 2020 ला 400. तिघांचे किती झाले बघा आणि तेही अकामा (तिकडचा राहण्याचा परवाना) रिन्यू करताना वर्षाचे एकदम भरायचे. 2018 लाच सगळ्यांना गावी पाठवलं. लोक म्हणतात बंगला बांधलास. त्यात राहिलो किती, दिवस मोजून सांगू?

हर्णैची : भाऊ, बंगला बांधून घेतं कोण तेही लिहा की. नवरा कतारला, चिरे मी मोजून घेतले, पाणी मी मारलं, पण गवंडी कायम "साहेबांना फोन लावा". साहेब तेव्हा तिकडे उन्हात साइटवर.

खेडवाला : वडील 1990 ला कुवेतमध्ये होते. इराक घुसला, मग वाळवंटातून अम्मान, तिथून एअर इंडियानी मुंबई. कुवेतचे दिनार होते जवळ पण अम्मानात कोणी हात लावेना. एक नोट अजून ट्रंकेत आहे.

रत्नागिरी : मी नेपाळचा, चालेल ना? बाबा आंबा बागेत राखणीला आले, व्हिसा लागत नाही आम्हाला, 1950 चा करार आहे, पण सिमकार्ड मालकाच्या नावावर. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात राहायचो, मोहोर आला की सकाळी वानरं हाकायची आणि मग शाळा. शाळा सुरू जूनमध्ये, आम्ही तेव्हा आंबा संपवून गावाला आणि परत यायचो दिवाळीनंतर, मग बाई दर वर्षी नाव नव्यानी लिहायच्या, पहिल्या वर्षी आडनाव चुकलं ते दहावीपर्यंत तसंच. मराठी माझी चांगली, तरी बाजारात "ए गुरखा"च. तिकडे गावात सगळे मला इंडियन म्हणतात 😀 आई अजून दर वर्षी दोन पेट्या हापूस घेऊन निघते, सोनौलीची बॉर्डर येईपर्यंत निम्मा काळा पडतो, तरी नेते.