लॅकर सुटलेल्या गाडीवर रॅप करावा की रंगच मारावा?

जांभाचिरा
गाडी २०१३ ची हॅचबॅक, रंग लाल. आम्ही रत्नागिरीत, गाडी बारा महिने अंगणात उभी. टपावरचं आणि बॉनेटवरचं लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्र्यासारखं सुटतंय, आतला रंग गुलाबट झालाय. रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म. कोल्हापूरच्या एका रॅपवाल्याने पूर्ण गाडीचे ६८ हजार सांगितले, इथल्या पेंटरने ४५. रॅपला तीन दिवस, रंगाला पंधरा. माझं मन रॅपकडे आहे. ऊन फिल्मला लागेल, रंगाला नाही, आणि नको झाला तर काढता येतो. चुकत असेन तर सांगा.

लांबीवाला
करू नका. वडील कुडाळला पेंटर होते, मी दहा वर्षं रंगाची गन धरली, आणि गेली चार वर्षं रॅपही लावतो. त्यामुळे रॅपशी माझं वैर नाही. पण फिल्म रंगाची जागा घेत नाही, ती रंगावर बसते. चांगली कास्ट (ओतून बनवलेली) फिल्म गोंदासकट साधारण ९० मायक्रॉन, केसाएवढी जाड. खालचा खडा, चरा, पापुद्रा सगळं वर उमटतं. सुटलेल्या लॅकरची कड फिल्मखालून नकाशातल्या किनाऱ्यासारखी दिसेल. ती घालवायची तर पाणी-पेपरने घासा, लांबी (पुटी) भरा, प्रायमर मारा. एवढं केल्यावर वर रंगाचे हात का नकोत?

दुसरं असं, की गोंद लॅकरला धरतो आणि तुमचं लॅकरच जागा सोडतंय. गेल्या वर्षी एक गाडी रॅप काढायला आली होती. हीट गनने कोपरा तापवून हळूहळू ओढला, तर फिल्मबरोबर तळहाताएवढा रंग निघून आला, खाली राखाडी प्रायमर. तो दरवाजा पूर्वी कुठेतरी बाहेर मारलेला होता आणि मालकाला त्याचा पत्ताच नव्हता. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो.

मॅट_काळा
तुमच्या एका गाडीवरून रॅप बाद होत नाही. माझी गाडी पुण्यात, तीन वर्षं जुनी, कंपनीचा रंग ठणठणीत. मी मुद्दाम रॅप केला. कंपनीत रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात, आत वायरिंग, प्लास्टिक काहीही बसवायच्या आधी. जोडलेली गाडी एवढी तापवता येत नाही, म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये ६०-७० अंशांवर काम चालतं. एकदा घासला की कंपनीचा रंग परत मिळत नाही. विकताना गिऱ्हाईक लोहचुंबक नाहीतर रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन येतं आणि पहिला प्रश्न, "कुठे ठोकली होती?" रॅप काढला की माझा मूळ रंग तसाच.

विदर्भातून
नागपूरचा अनुभव सांगतो. पूर्ण गाडी रॅप केली होती, बाजू अजून छान आहेत, पण टप आणि बॉनेट तिसऱ्या उन्हाळ्यातच गेले. आडव्या भागांना वॉरंटी कमी असते, ते मला नंतर कळलं. फिल्म कास्ट की कॅलेंडर्ड (रुळांत लाटलेली), हे आधी विचारा. कॅलेंडर्ड स्वस्त पडते पण आखडते, आणि कडेला गोंदाची काळी रेघ उघडी पडून त्यात धूळ बसते.

मॅट_काळा
ते फिल्म स्वस्त घेतल्याचं फळ. स्वस्त रंगही दोन वर्षांत उडतोच.

लांबीवाला
तुमची गाडी आणि यांची गाडी एक नव्हे. चांगल्या रंगावर रॅप करणाऱ्याला मी कधीच अडवत नाही. इथे प्रश्न आजारी रंगाचा आहे, तोही समुद्राकाठी. खडा लागून पत्रा उघडा पडला की खाऱ्या हवेत गंज धरतो. तो डोळ्यांना दिसला तर माणूस वेळेत काही करतो. फिल्मखाली फुगवटा येईपर्यंत कळत नाही, तोवर पत्रा गेलेला असतो.

हायवे६६
रंग बदलणार असाल तर रॅप असो वा पेंट, आरसीवरच्या रंगाचं आधी आरटीओत बघा. जुळला नाही तर अडवतात. आणि ऑलिव्ह ग्रीन नकोच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे तो संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच राखलेला आहे.

जांभाचिरा
सगळ्यांचे आभार. रंग लालच ठेवायचाय, त्यामुळे आरसीचा प्रश्न नाही. काल मित्राकडून जाडी मोजायचं मीटर आणलं. पुढचे दरवाजे ११० ते १२० मायक्रॉन, आणि मागचा उजवा ३१०, म्हणजे पुन्हा रंगवलेला! बाबांना विचारलं. २०१६ साली हातखंब्याजवळ टँकर घासला होता, मी तेव्हा मुंबईत, म्हणून मला सांगितलंच नव्हतं. टप आणि बॉनेट रंगवून घेतो. बाकीची गाडी आहे तशी राहू दे.

मॅट_काळा
निर्णय पटला, तरी माझं मत तेच. नवा रंग पूर्ण सुकला, थिनर उडून गेलं, की निदान बॉनेटवर पारदर्शक फिल्म लावा. नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा हेच.

लांबीवाला
मारलेल्या रंगावर फिल्म नको, मी वर सांगितलेला रंग निघालेला दरवाजा विसरू नका. अंगणात पत्र्याची शेड घाला, ती जास्त उपयोगी पडेल. आणि पेंटरला टपाच्या दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्या काढायला लावा. नुसता टेप लावून मारू देऊ नका, गंज बहुतेक वेळा त्या पट्टीखालीच सुरू होतो.