व्याज घेणं पाप, मग फ्लॉरेन्सच्या पेढ्या चालत कशा होत्या?

चौकस_दादर:
टी.वाय.ला मध्ययुगीन युरोप आहे. सरांनी सांगितलं की चर्चच्या लेखी व्याज घेणं पाप. 1179 च्या लॅटरन परिषदेने तर उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफनसुद्धा नाकारलं. आणि पुढच्याच तासाला फ्लॉरेन्सच्या बार्दी, पेरुझी पेढ्या इंग्लंडच्या राजाला कर्ज देताना दिसतात! फुकट देत होते का? नोट्समध्ये "पळवाटा होत्या" एवढंच आहे. कोणत्या, ते कोणी नीट सांगेल का? शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे.

मेहताजी_मस्जिदबंदर:
माझी उमर दाणाबंदरला धान्याच्या पेढीवर वह्या लिहिण्यात गेली. बाजार वाशीला हलला तेव्हा मीही हार्बर लाइनने मागोमाग गेलो. आता निवृत्त आहे आणि वाचतो तेही जुन्या हिशेबांबद्दलच, तेव्हा हा प्रश्न माझ्या हक्काचा.

फुकट कोणी देत नव्हतं, पोरी. हुंडी बघ, म्हणजे परगावच्या माणसाला अमुक पैसे दे असं सांगणारी चिठ्ठी. व्हेनिसमध्ये तू मला एक डुकाट (तिथलं सोन्याचं नाणं) दिलास, मी लंडनच्या माझ्या आडत्यावर हुंडी लिहून दिली. समजा भाव 47 पेनी. तीन महिन्यांनी लंडनला तुझ्या माणसाच्या हातात 47 पेनी पडले. पण तिथे डुकाटचा भाव 44 पेनी. तो लगेच उलटी हुंडी घेतो आणि आणखी तीन महिन्यांनी तुला एकाच्या जागी जवळपास 1.07 डुकाट मिळतो. सहा महिन्यांत सुमारे सात टक्के, आणि वहीत व्याजाची एक ओळ नाही. सगळी हुंडणावळ, म्हणजे नाणेबदलाच्या भावातला फरक! धर्मपंडितांनी हे चालवून घेतलं, कारण परतीचा भाव आधी ठरलेला नसे. तो उलटा फिरला तर देणाऱ्याच्या अंगावर येई. जोखीम आहे, म्हणजे हे कर्ज नव्हे, असा युक्तिवाद. (भाव बहुतेक वेळा देणाऱ्याच्याच बाजूने असायचा, ही गोष्ट वेगळी.)

पण "पळवाट" म्हणून सोडून दिलंस तर अर्धंच कळेल. बार्दी-पेरुझींच्या वह्यांत "मेसेर दोमेनेद्दियो" या नावाचं खातं असे, म्हणजे श्रीयुत परमेश्वर. देव भागीदार, आणि नफ्यातला त्याचा वाटा गरिबांना. आमच्याकडे बिलावर धर्मादा लागायचा, तो वेगळ्या खाती जमा व्हायचा आणि शेठचीही त्याला हात लावायची छाती नव्हती. म्हणून मला याचं नवल वाटलं नाही. नुसतं ढोंग असतं तर बिशप कधी उघडणार नाही अशा खाजगी वहीत ते कोण कशाला लिहील?

प्रातो गावचा फ्रांचेस्को दातिनी घे. त्याच्या वह्यांवर "देवाच्या आणि नफ्याच्या नावाने" असा मथळा असे. मित्र लापो माझ्झेई, पेशाने नोटरी, त्याला पत्रांतून सारखा टोचायचा की आता धंदा आवर, आत्म्याचं बघ. दातिनीने आवरलं नाही. 1410 मध्ये गेला तेव्हा मात्र सुमारे 70,000 फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं) गावातल्या गरिबांसाठी ठेवून गेला. त्याच्या पेढ्यांची दीड लाखाच्या आसपास पत्रं टिकली आहेत, म्हणून आपल्याला हे कळतं.

ठाणे_वेस्ट:
मेहताजी, उत्तर झकास, पण तुम्ही शेठच्या गादीवर बसून बघताय. पेरणीला चार पैसे हवेत अशा शेतकऱ्याला लंडनवरची हुंडी कोण देणार? तो गहाणवटीवाल्याकडे किंवा ज्यू सावकाराकडे जायचा. ज्यूंना बहुतेक गिल्डांची, म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांची, दारं बंद, म्हणून अनेकांच्या हाती सावकारीच उरली, आणि शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. इंग्लंडमध्ये राजाने त्यांना कर लावून लावून पिळलं, 1275 मध्ये व्याज बंद केलं आणि 1290 मध्ये सरळ देशाबाहेर काढलं. प्रेझेंटेशनमध्ये हे आलं नाही तर ते अपुरं राहील.

आणि चर्चलाही शेवटी गरजेपुढे वाकावंच लागलं. 1462 मध्ये पेरुजियात फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणवटीची पेढी निघाली, "मोंते दि पिएता". खर्चापुरती थोडी रक्कम घ्यायचे. त्यावरही भांडणं झाली, डोमिनिकन हा साधूंचा दुसरा पंथ चिडला. 1515 मध्ये पोप दहाव्या लिओने मान्यता दिली. हा लिओ मेदिचींच्या घरातला, म्हणजे बँकवाल्यांचाच पोरगा!

चौकस_दादर:
धन्यवाद काका, दादा. पण राजाचं काय? तिसरा एडवर्ड काही हुंड्या फिरवत नसणार.

मेहताजी_मस्जिदबंदर:
ठाणेकर, मान्य. गादीवरून खालचं कमी दिसतं.

राजाचा मामला निराळा. मुद्दलाच्या वर जे द्यायचं ते "भेट" किंवा "नुकसानभरपाई" म्हणून लिहायचं. शिवाय पेढ्यांना खरी हाव इंग्लिश लोकरीची होती, फ्लॉरेन्सचे माग तिच्यावर चालायचे. लोकर बाहेर नेण्याचा परवाना हवा तर राजाला नाही म्हणता येत नसे. एडवर्डने फ्रान्सशी युद्ध काढलं, पैसे अडकले. 1343 मध्ये पेरुझी बुडाले, 1346 मध्ये बार्दी. विलानी हा त्या काळचा बखरकार राजाकडची येणी लाखो फ्लोरिनची सांगतो. आजचे अभ्यासक आकडा फुगवलेला मानतात, आणि लुक्काशी युद्ध, फ्लॉरेन्समधली राजकीय उलथापालथ हीही कारणं जोडतात. तेव्हा सगळं खापर एडवर्डवर फोडू नकोस, सर हमखास विचारतील. विलानी स्वतः दुसऱ्या एका बुडालेल्या पेढीत भागीदार होता आणि त्यापायी तुरुंगात जाऊन आला, हेही सांग.