मदत हवी आहे : बाथरूमची गळती नेमकी कुठून होते आहे, हे फरशी फोडण्यापूर्वी कसे ठरवावे?

नमस्कार.

पुण्यात कोथरूडला १९९७ साली बांधलेल्या पाच मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. फेब्रुवारीपासून आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावरील काकूंच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकत आहे. काकू एकट्याच राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे, आणि ओल्या फरशीवर पाय घसरेल या धास्तीने रात्री उठल्या की त्या आधी दिवा लावून बादली कुठवर भरली आहे ते बघतात आणि मगच आत पाऊल टाकतात. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही, बोलता बोलता सांगितले. पण त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही.

आतापर्यंत तीन प्लम्बर येऊन गेले. पहिल्याच्या मते नाहणी ट्रॅपचा (सांडपाणी जाण्याच्या तोंडाखालच्या वाकड्या नळीचा) जोड निसटला आहे, त्यामुळे सगळी फरशी आणि खालचा कोबा काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करावे लागेल. त्याचा अंदाज ८०,००० रुपयांचा आहे. दुसऱ्याच्या मते भिंतीतली जीआय (जस्ताचे आवरण दिलेल्या लोखंडाची) पाइपलाइन सडली आहे. तिसरा म्हणाला की फरशांच्या सांध्यांत इपॉक्सी भरले की काम झाले, ६,००० रुपयांत. तिघेही अनुभवी दिसले, पण तिघांपैकी एकानेही काही तपासून पाहिले नाही; पाच मिनिटे उभे राहून छताकडे पाहिले आणि निदान सांगितले. खर्चाला माझी ना नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने आणि शौचालय, सिंक यांसारखी घरातली गळती संबंधित सदस्याने दुरुस्त करायची असते, हे मला मान्य आहे, तेव्हा चर्चा त्या दिशेला नेऊ नये ही विनंती. मात्र चुकीची जागा फोडून महिनाभर घर उकिरडा करायचा आणि काकूंची बादली तिथेच राहायची, असे होऊ नये.

बांधकाम त्या काळातल्या पद्धतीचे आहे. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असून त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला आहे, वर सिमेंट आणि फरशी. गरम आणि थंड अशा दोन्ही लाइनी भिंतीत गाडलेल्या आहेत. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते आणि ती सगळ्यांची एकच असल्यामुळे आमच्या घरापुरते मीटर पाहून गळती ओळखण्याची सोय नाही. गळती सुरू झाली तेव्हा पावसाचा थेंब नव्हता, म्हणून बाहेरच्या भिंतीचा संशय मी बाजूला ठेवला आहे.

मी स्वतः जे पाहिले ते क्रमाने लिहिते. काकूंच्या छताला एका जागी पोपडे सुटले आहेत आणि तिथून क्षाराची बोटभर लांबीची पांढरी कांडी लोंबते आहे. थेंब त्या कांडीच्या टोकाशी येतो, फुगतो, क्षणभर थांबतो आणि पडतो. घड्याळ लावून मोजले तेव्हा मिनिटाला ४१ थेंब भरले, आणि बादलीत चोवीस तासांत सुमारे ३ लिटर पाणी जमले; वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे दोन्ही आकडे जुळतात. आमच्याकडे कोणी आंघोळ केली की ठिबकणे वाढते असे मात्र दिसले नाही. रात्री तीन वाजताही तेवढेच.

त्यानंतर एका शुक्रवारी रात्री दहा वाजता डक्टमधला आमच्या घराचा मुख्य कॉक बंद करून आम्ही माहेरी गेलो आणि रविवारी सकाळी दहाला परतलो. पहिले बारा तास काहीच फरक पडला नाही, पण रविवारी सकाळी थेंब १४ वर आले होते. कॉक उघडल्यावर सोमवारी संध्याकाळपर्यंत ते पुन्हा ३८ झाले. पुढच्या आठवड्यात चार दिवस फक्त गिझरला येणारा कॉक बंद ठेवला आणि आंघोळीचे पाणी गॅसवर तापवले. तेव्हा थेंब २२ पर्यंत उतरले, त्याखाली गेले नाहीत. नाहणीत खाण्याचा लाल रंगही ओतून पाहिला, परंतु दोन दिवसांत खाली रंग दिसला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पाणी पूर्ण बंद असतानाही ठिबकणे थांबले नाही, याचा अर्थ नाहणीचीही गळती आहे असा घ्यावा का? रंग दिसला नाही म्हणजे नाहणी निर्दोष, असे धरता येईल का? आणि इतक्या जुन्या जीआय लाइनीला पंप लावून प्रेशर टेस्ट केली तर जिथे अजून गळती नाही तिथेही पाइप फुटेल, अशी भीती दुसऱ्या प्लम्बरने घातली आहे. ती कितपत खरी आहे?

प्रतिसाद

ताई, मी बावीस वर्षे इमारतींच्या दुरुस्तीची कामे पाहतो. सर्वांत आधी एक करा : काकूंच्या बाथरूममधला दिवा किंवा गिझरचा पॉइंट त्या ओलीच्या आसपास असेल तर तो आजच इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्या. बाकी सगळे त्यानंतर.

तुमच्या नोंदी फार उपयोगाच्या आहेत. विटांचा कोबा स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. दोन-तीन महिने भिजलेला कोबा छत्तीस तासांत कोरडा होणार नाही, त्यामुळे पाणी बंद करूनही थेंब पडत राहिले यावरून नाहणीला दोष देता येत नाही. रात्रंदिवस एकाच गतीने ठिबकणे आणि आंघोळीशी त्याचा संबंध नसणे, ही दाबाखालच्या लाइनीची खूण आहे. सांडपाण्याची गळती सहसा वापराबरोबर चढते-उतरते. रंगाच्या चाचणीचे म्हणाल, तर खाली रंग आला तर तो पुरावा असतो, पण आला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण कोब्यात तो शोषला जातो आणि विरतोही.

गिझरच्या चाचणीत मात्र एक फट आहे. तुमच्याकडे वॉल मिक्सर (गरम आणि थंड पाणी एकत्र करणारा भिंतीवरचा नळ) असेल आणि त्याचे आतले वॉशर झिजलेले असतील, तर थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत शिरते आणि गिझरचा कॉक बंद असूनही त्या लाइनीत दाब राहतो. कॉक बंद करून बेसिनचा गरम नळ उघडा. थोडे पाणी येऊन थांबले तर ठीक. धार चालूच राहिली तर तुमची चाचणी अर्धवट झाली असे समजा, आणि थेंब २२ वर का अडले याचे उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

प्रेशर टेस्टची भीती अर्धी खरी आहे. टाकी तुमच्या नळांपासून दहा मीटर उंच धरली तर लाइनीवर रोजचा दाब सुमारे एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आहे. नव्या प्लास्टिकच्या लाइनीला लावतात तेवढा दाब जुन्या जीआयला लावू नका, पण दोन ते अडीच किलोला घाबरण्याचे कारण नाही, आणि तेवढ्यात जो पाइप फुटेल तो तसाही फार दिवसांचा सोबती नव्हता. गिझर दोन्ही बाजूंनी सोडवा, मिक्सर काढून त्याच्या आणि सर्व नळांच्या तोंडांना डमी (बंद करणारी बुचे) लावा, लाइनीतली हवा पूर्ण काढा आणि गरम व थंड लाइन वेगवेगळी तपासा. गेजचा काटा अर्धा तास हलला नाही तर ती लाइन सुटली.

दोष गरम लाइनीत निघाला तर जागा शोधणे सोपे असते. भिंत थंड असताना थर्मल कॅमेरा लावून गरम पाणी सोडले की ओलीचा डाग पसरताना दिसतो. जीआय पाइप बहुधा एल्बोपाशी (काटकोनी जोडापाशी) सडतो, कारण आटे पाडताना तिथले जस्ताचे आवरण कापले जाते. मात्र जागा सापडली म्हणून तेवढाच एल्बो बदलू नका. त्याच वयाचे बाकीचे एल्बो रांगेत उभे असतात, तेव्हा ती संपूर्ण लाइन सीपीव्हीसीमध्ये (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपमध्ये) घ्या. सांध्यांत इपॉक्सी भरण्याचा सल्ला इथे निरुपयोगी आहे, पाइपमधली गळती त्याने झाकलीही जाणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर, आपले मनापासून आभार. काकूंच्या बाथरूममधला दिवा त्याच दिवशी दुसऱ्या भिंतीवर हलवून घेतला. मिक्सरबद्दलची आपली शंका खरी निघाली, कॉक बंद असतानाही बेसिनच्या गरम नळातून करंगळीएवढी धार चालूच राहिली.

प्रेशर टेस्टमध्ये थंड लाइन अडीच किलोवर अर्धा तास स्थिर राहिली, आणि गरम लाइन दहा मिनिटांत १.४ वर आली. कॅमेऱ्यात मिक्सरच्या खाली, फरशीपासून दीड वीत उंचीवर डाग दिसला. तिथल्या पाच टाइल्स काढल्या, तेव्हा एल्बोच्या आट्यांपाशी सुई जाईल एवढे छिद्र होते आणि त्यातून उडणारे तुषार समोरच्या विटेवर आपटत होते. ती वीट बोटाने खरवडली तरी भुगा होत होती. तेच पाणी टाइल्सच्या मागून उतरून कोब्यात साठत होते. गरम लाइन पूर्ण बदलून घेतली आणि मिक्सरही नवा बसवला.

थेंब लगेच थांबले नाहीत, आणि आपण कोब्याबद्दल सांगितले नसते तर मी तेव्हाच धीर सोडला असता. अकराव्या दिवशी मिनिटाला दोन होते, एकोणिसाव्या दिवशी बादली कोरडी मिळाली. त्यानंतर नाहणीचे तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन बोटे पाणी चोवीस तास उभे केले आणि खाली काहीही उतरले नाही, म्हणून फरशीला हात लावलेला नाही.

आता एकच विचारायचे आहे. काकूंच्या छतावर हातोडीने हलके ठोकले असता वीतभर भागात पोकळ आवाज येतो आणि एका ठिकाणी गजाचा गंज दिसतो. त्यांच्या मुलाला लगेच पुट्टी आणि रंग करून टाकायचा आहे. मी त्यांना थांबायला सांगितले आहे. इथे आधी काय करावे लागेल?

प्रतिसाद

थांबवलेत ते योग्य केलेत. गंजलेला गज फुगतो आणि काँक्रीट ढकलून पाडतो, त्यामुळे वरून पुट्टी लावली तर पुढच्या वर्षी ती पोपड्यासकट खाली येईल. ओल पूर्ण हटू द्या. प्लास्टिकचा हातभर तुकडा छताला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव जमलेले दिसले तर अजून वाट पाहा. कोरडे झाल्यावर पोकळ भाग ठोकून काढा, गज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, त्याला गंजरोधक लेप द्या आणि मग पॉलिमर मॉर्टरने भरून घ्या. गज घासल्यावर त्याची जाडी बरीच कमी झालेली दिसली तर मात्र पुढचे काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सुटलेले काँक्रीट आधीच काढून ठेवा, त्याखाली काकू रोज उभ्या राहतात.