प्रतिसाद: व्यापारी संघ करतो तरी काय?
वर कुणीतरी म्हटलंय, व्यापारी संघ म्हणजे गणपतीची वर्गणी आणि बंदची हाक. आमच्याकडेही बरंचसं तसंच आहे म्हणा! पण मनावर घेतलं तर एक काम पडून आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं, अशी सरकारी नोंद) मिळालं, मात्र ते वापरायचं तर बागायतदाराला नि विक्रेत्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. एकटादुकटा बागायतदार सातबारा घेऊन कुठे फिरणार? संघाने कार्यालयात एक टेबल टाकून अर्ज भरून द्यावेत. नाहीतर हायवेवर 'देवगड हापूस' छापलेली पेटी उघडायची नि आत आंब्यांखाली कानडी पेपर, म्हणजे माल कर्नाटकातला, हे चालूच राहणार. आणि हे पावसाळ्यातच उरका, एकदा तोड सुरू झाली की कुणाला मान वर करायला फुरसत नसते.